आजी-पणजींचा माग कसा काढावा

महाराष्ट्रातील बहुतेक घराण्यांच्या वंशावळीत पुरुषांची नावे कित्येक पिढ्या मागे जातात. त्यांच्या बायकांची नावे मात्र एक तर नसतात, किंवा असलीच तर लग्नात ठेवलेले सासरचे नाव तेवढे असते. म्हणून शोधाला बसताना प्रत्येक स्त्रीच्या नावापुढे चार रकाने आखावेत : माहेरचे नाव, सासरचे नाव, माहेरचे गाव, सासरचे गाव.

आरंभ घरातील वृद्ध स्त्रियांपासून करावा. पणजीचे नाव त्यांना आठवले नाही, तरी तिच्या मुलांचे आजोळ कुठे होते, तिचे श्राद्ध कोणत्या तिथीला होते, हे बहुधा आठवते. ते अविधवा नवमीला होत असेल, तर ती पतीच्या आधी, सवाष्ण गेली असे समजावे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्यामुळे थोरल्या अपत्याच्या जन्माची नोंद सासरच्या गावी सापडत नसेल, तर ती माहेरच्या गावी पाहावी.

गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात असतात आणि त्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पाहायला मिळतात. जुनी पाने पुष्कळदा मोडी लिपीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा जाणकार सोबत असावा. तेथे नवजात मुलीचे नाव अनेकदा नसतेच, बापाच्या नावापुढे केवळ ‘मुलगी’ असते. विवाहितेच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ लिहून पतीचे नाव येते. त्यामुळे नोंद शोधताना आधी बापाचे किंवा पतीचे नाव पाहणे, हे कितीही खटकले तरी, भाग पडते.

माझ्या मते याहून अधिक माहिती जमिनीच्या कागदांत दडलेली असते. तरुणपणी विधवा झालेली स्त्री जुन्या सातबाऱ्यावर आणि फेरफारांत, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदींत, अज्ञान (वयात न आलेल्या) मुलाची पालनकर्ती म्हणून, ‘अ. पा. क.’ या अक्षरांसह, स्वतःच्या नावाने भेटते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतरच्या वारस नोंदींत मुलींचीही नावे येऊ लागली, आणि बहिणींनी भावांच्या लाभात केलेल्या हक्कसोडपत्रांत तर त्यांचे वय, पतीचे नाव आणि राहण्याचे गाव एकत्र मिळते. स्वतःचा वाटा सोडून देतानाच त्यांची इतकी सविस्तर नोंद व्हावी, याचे वाईट वाटते. पण दूर गेलेल्या आत्यांचा ठावठिकाणा लागतो तो याच कागदांवरून.

मुलगी शाळेत गेली असेल, तर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिचे माहेरचे पूर्ण नाव आणि जन्मतारीख असते. लग्नात मिळालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव, कधी तारीखही कोरलेली आढळते. ती भांडी मोडीत देण्यापूर्वी त्यांवरील अक्षरांची छायाचित्रे घ्यावीत आणि कोरलेले आडनाव सांगितलेल्या आजोळाशी जुळते का, हे ताडून पाहावे.