घामात गेलेले पाणी आणि मीठ मोजून कसे भरून काढावे

रक्तातील सोडियम, म्हणजे मिठातला एक मुख्य घटक, साधारणपणे १३५ ते १४५ मिलीमोल (कणांची संख्या मोजण्याचे एकक) प्रति लिटर असते. ते घसरले की मीठ कमी पडले, असे चटकन वाटते. पण बहुतेक वेळा मीठ तेवढेच असते, पाणी जास्त झालेले असते. उन्हात तासन् तास काम करणाऱ्याने किंवा लांब पल्ला धावणाऱ्याने म्हणून आधी पाण्याचा हिशेब करावा, मिठाचा नंतर.

पाण्याचे नियंत्रण मेंदूतून होते. रक्त एक-दोन टक्के जरी दाट झाले, तरी मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाला ते कळते. मग तहान लागते, व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक स्रवते, मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात आणि लघवी गडद होते. हे सगळे काही मिनिटांत सुरू होते. मिठाचा कारभार संथ आहे. रक्ताचे आकारमान घटले की रेनिन आणि अल्डोस्टेरॉन ही शरीरातली रसायने सोडियम राखू लागतात, पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला दिवस लागतात.

पायरी १ : घामाचा वेग काढा. लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. तासभर नेहमीचे काम किंवा व्यायाम करा. मग अंग पुसून, घामाने भिजलेले कपडे उतरवून पुन्हा वजन करा. १ किलो घट म्हणजे सुमारे १ लिटर पाणी. त्यात मधल्या वेळेत प्यालेले पाणी मिळवा, लघवी झाली असल्यास तेवढी वजा करा. समजा, वजन ७० किलोवरून ६९ किलोवर आले आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यालात, तर घाम दीड लिटर गेला. ओले कपडे अंगावर ठेवूनच वजन केले, तर घाम कमी भरतो. नेहमीची चूक हीच. हवा बदलली की हा वेगही बदलतो. हिवाळ्यात काढलेला आकडा उन्हाळ्यात वापरू नका.

पायरी २ : किती प्यायचे ते ठरवा. गेलेला सगळा घाम तिथल्या तिथे भरून काढायची गरज नसते. वजनातली घट सुरुवातीच्या २ टक्क्यांच्या आत राहिली की पुरे. ७० किलोच्या माणसासाठी ती १.४ किलो होते. तहानेप्रमाणे प्या, आणि घामापेक्षा जास्त कधीच पिऊ नका. शेवटी वजन वाढलेले दिसले, तर ती धोक्याची खूण आहे.

कारण साधे आहे. ७० किलोच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ४२ लिटर पाणी असते. त्यात ३ लिटर जादा साचले, तर १४० असलेले सोडियम १३१ च्या आसपास येते, मिठाचा एक कणही न गमावता. एरवी निरोगी मूत्रपिंडे तासाला पाऊण ते एक लिटर जादा पाणी बाहेर टाकू शकतात. पण दीर्घ श्रम, वेदना आणि मळमळ यांमुळे व्हॅसोप्रेसिन वाढलेलेच राहते आणि ही वाट बंद होते. पेशींत पाणी शिरते. कवटीत जागा नसल्याने मेंदूची सूज सर्वांत घातक ठरते.

पायरी ३ : मीठ. घामाच्या एका लिटरमध्ये साधारण २० ते ८० मिलीमोल सोडियम असते. माणसागणिक हा फरक मोठा आहे. कपड्यांवर पांढरे डाग पडत असतील, तर तुमचा घाम खारट बाजूचा असण्याची शक्यता आहे. ४० मिलीमोल धरले, तर दीड लिटरमध्ये ६० मिलीमोल, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅम मीठ गेले. एवढे मीठ नेहमीच्या जेवणातून भरून येते. मिठाच्या गोळ्या किंवा नुसते खारट पाणी घेऊ नये. त्याने मळमळ होते. तासन् तास घाम गळत असेल, तर मात्र सोबत खारट खाणे ठेवा. खेळाडूंच्या पेयांत लिटरला बहुधा २० ते २५ मिलीमोलच सोडियम असते. रक्तापेक्षा ते फारच पातळ, त्यामुळे अशी पेये भरमसाट प्यायल्यानेही सोडियम घसरतेच.

जुलाबांचा हिशेब निराळा आहे, तिथे जलसंजीवनीच (ओआरएस) हवी. तयार पुडीचे द्रावण लिटरला ७५ मिलीमोल सोडियमचे असते. पुडी नसेल, तर १ लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे ६ आणि मिठाचा अर्धा चमचा घाला. चमचा ५ मिलीलिटरचा आणि सपाट भरलेला. साखर चवीसाठी नसते. आतड्यातील वाहक प्रथिन ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत ओढते आणि पाणी त्यांच्यामागून येते. मीठ जास्त पडले, तर मुलांमध्ये सोडियम धोकादायकरीत्या चढते. साखर जास्त झाली, तर जुलाब वाढतात.

हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी वरचे आकडे आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

भरपूर पाणी प्यायल्यानंतर डोके दुखू लागले, उलट्या झाल्या, बोलणे विसंगत झाले किंवा आकडी (फिट) आली, तर आणखी पाणी पाजू नका, तातडीने रुग्णालयात न्या. ‘पाणी कमी पडले असेल’ असे समजून पाजलेला पुढचा ग्लासच अशा वेळी सर्वाधिक नुकसान करतो.