नाताळच्या जेवणात कोणतं मांस ठेवायचं? गोव्यातल्या घरासाठी

डिसेंबर लागला की गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत जेवणाची बोलणी सुरू होतात, आणि ती बहुतेक वेळा पदार्थांच्या नावांपासूनच सुरू होतात. डुकराचं सोरपोतेल तर हवंच, विंदालू पाहिजे, कोंबडीची शागुती, काफ्रियल, शिवाय यंदा टर्की. यादी वाढत जाते आणि २५ तारखेला टेबलावर सात भांडी येतात. त्यातली चार एकाच चवीची असतात, आणि पाहुण्यांपैकी तिघांना त्यातलं जेमतेम एक चालतं. म्हणून आधी माणसं मोजावीत, मांस नंतर ठरवावं.

आमचं घर दक्षिण गोव्यात, सासष्टीत. सासरची माणसं डुकराच्या मांसावर वाढलेली. माझं माहेर कोल्हापूरकडचं, तिथे मटण म्हणजे बकऱ्याचंच. दोन्हीकडची माणसं एका टेबलावर आनंदाने जेवावीत, हाच माझा पहिला निकष आहे. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी फोन करा

पाहुण्यांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे तीन खुणा करा: डुक्कर, बीफ, कोंबडी-मटण. अंदाजावर जाऊ नका. "ते काहीही खातात" असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जातं, तेच ऐनवेळी फक्त कोशिंबीर वाढून घेतात. विचारताना आडवळण नको. मी माझ्या मावशीला दरवर्षी असं विचारते: "मावशी, घरात डुकराचं आणि बीफ शिजणार आहे. तुमच्यासाठी कोंबडी वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावाने करते. तेवढं चालेल, की टेबलही वेगळं लावू?" मावशीचं उत्तर ठरलेलं, "टेबल कशाला गं वेगळं, कोंबडी माझ्या हाताजवळ ठेव म्हणजे झालं." पण विचारलं याचंच त्यांना बरं वाटतं.

वारही बघा. गुरुवारी किंवा सोमवारी मांस न खाणारी हिंदू घरं पुष्कळ आहेत, आणि मार्गशीर्ष नाताळापर्यंत लांबला तर गुरुवारचं व्रत आड येतं. २०२५चा नाताळ गुरुवारीच होता. २०२६मध्ये तो शुक्रवारी येतो. शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या कॅथलिक ज्येष्ठांना मात्र त्या दिवशी अडचण नाही, कारण नाताळसारख्या मोठ्या सणाला चर्चने ते बंधन ठेवलेलं नाही. मुसलमान मित्र येणार असतील तर कोंबडी हलाल दुकानातूनच आणा आणि व्हिनेगर चालतं का तेही विचारून घ्या. आपल्या स्वयंपाकात ते माडाच्या सुरेचं असतं.

मग डुकराचा एकच पदार्थ निवडा

घर डुक्कर खाणारं असेल तर पाहुण्यांच्या संकोचापायी ते काढून टाकू नये. सणाचं जेवण त्या घराचं असतं. पण सोरपोतेल, विंदालू आणि चोरिसांचा (डुकराच्या गोवन सॉसेजचा) पुलाव असे तिन्ही ठेवण्यात अर्थ नाही. तिन्हींत लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर आहे, तिसऱ्या घासाला जीभ थकते.

माझी पसंती सोरपोतेलला, आणि त्याचं कारण चवीइतकंच सोयीचं आहे. ते आधी करून ठेवावंच लागतं. २१ किंवा २२ तारखेला केलेलं सोरपोतेल २५ला खऱ्या अर्थाने तयार होतं. केल्या दिवशी व्हिनेगर नुसतं नाकात जातं. मांस चरबी-चामडीसकट घ्या, कलेजी आणि दिल वेगळं मागा. रक्त घालायचं असेल तर आधी सांगावं लागतं. न घालताही उत्तम होतं, आणि नवख्या पाहुण्यांसाठी मी घालत नाही. मोठे तुकडे मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडायचे, पाणी गाळून ठेवायचं आणि मांस पूर्ण गार होऊ द्यायचं. इथे घाई करू नका. गरम मांस सुरीखाली फुटतं, कलेजीचा तर भुगा होतो. गार झालं की मटारापेक्षा जरा मोठे चौकोन सरळ कापले जातात. ते थोडे थोडे त्यांच्याच चरबीत परतायचे, मग व्हिनेगरमध्ये वाटलेला मसाला आणि राखून ठेवलेलं पाणी. भांडं मातीचं किंवा स्टीलचं घ्या; ॲल्युमिनियमला व्हिनेगर लागतं आणि रस्सा बिघडतो. पुढचे दिवस फ्रीजमध्ये ठेवून रोज एकदा खदखदून उकळी आणा आणि त्यात ओला डाव घालू नका.

सोरपोतेलला वेळ नसेल तर विंदालू. आदल्या दिवशी मसाला लावून ठेवा, चरबीचा भाग अजिबात काढू नका. पाहुणे पंधरा-वीस असतील आणि सगळे डुक्कर खाणारे असतील, तरच अख्खं पिल्लू भाजण्याचा विचार करा. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये ते मावत नाही. ओळखीच्या पोदेराच्या (पाववाल्याच्या) भट्टीत जागा मिळते का ते आधी बोलून घ्या.

कोंबडी सगळ्यांची

डुक्कर-बीफ न खाणाऱ्यांसाठी "काहीतरी चिकन" असा विचार करू नका. कोंबडी टेबलावरच्या मांस खाणाऱ्या प्रत्येकाला चालणारी असते, म्हणून तिच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. सोरपोतेल लाल आणि आंबट असेल तर कोंबडी वेगळ्या रंगाची, वेगळ्या वळणाची हवी: हिरवी मिरची, कोथिंबीर, आलं-लसूण आणि लिंबाचं काफ्रियल, किंवा भाजलेल्या खोबऱ्याची शागुती. पाहुण्यांत मराठी मंडळी जास्त असतील तर शागुती घ्यावी. भाजलेलं खोबरं, खसखस, गरम मसाला ही चव त्यांच्या ओळखीची असते आणि गावठी कोंबडी असेल तर ताटं दुसऱ्यांदा पुढे येतात. गावठी कोंबडी शिजायला बराच वेळ घेते, ते धरून चाला. लहान मुलं जास्त असतील तर काफ्रियल, मिरची निम्मी करून.

तिसरं मांस लागेलच असं नाही

दहा माणसांपर्यंत दोन पुरतात. तिसरं ठेवायचं तर ते रश्शाचं नको, भाजलेलं हवं, म्हणजे तिखट न खाणाऱ्यांचीही सोय होते.

बीफचं रोस्ट किंवा खारवलेली जीभ आमच्याकडे सासूबाईंच्या आवडीची. जिभेला मीठ, लिंबू, व्हिनेगर चोळून, वर वजन ठेवून ती फ्रीजमध्ये काही दिवस मुरवावी लागते, म्हणजे आठवडाभर आधी आणा. उकडल्यावर गरम असतानाच वरची जाड साल ओढून काढा, गार झाली की ती चिकटून बसते. बीफवर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नका. गोव्यात गाईच्या कत्तलीला १९७८च्या कायद्याने बंदी आहे, बैल आणि म्हशीचं मांस नियमात बसतं. पण पुरवठा बराचसा कर्नाटकावर अवलंबून असतो. तिथला कायदा २०२१मध्ये कडक झाल्यापासून तो मधूनच आटतो. दुसरा बेत मनात तयार ठेवा.

टर्कीबद्दल स्पष्ट सांगते: हौस असेल तरच. हाडांसकट माणशी अर्धा किलो धरावी लागते. गोठवलेली असेल तर फ्रीजमध्ये दर दोन किलोला जवळजवळ एक दिवस बर्फ सुटायला लागतो, आणि छातीचं मांस कोरडं पडायला दहा मिनिटं जास्त पुरतात. मांडीच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सिअस झालं की काढा. दोन मोठ्या कोंबड्या भाजल्या तर काम निम्मं होतं आणि चव आपल्या हातात राहते.

किती आणि केव्हा

टर्की सोडून सगळं मांस मिळून माणशी हाडांसकट २५० ते ३०० ग्रॅम कच्चं, बिनहाडाचं असेल तर दीडशे ते पावणेदोनशे. पदार्थ वाढले म्हणून हा आकडा वाढवू नका, तोच वाटून घ्या. बारा माणसांना दीड किलो डुक्कर आणि दीड-दोन किलो कोंबडी मला पुरते. शिल्लक हवी असेल तर फक्त सोरपोतेल वाढवा.

मांसवाल्याला महिन्याच्या मध्यापर्यंत सांगून ठेवा. मडगाव काय, म्हापसा काय, शेवटच्या चार दिवसांत बाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि हवा तो तुकडा उरत नाही. चोरिस टिकतात, ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आधीच आणता येतात.

लपलेलं मांस

सगळ्यात जास्त गोंधळ जेवणाच्या आधी होतो. बटाट्याचे चॉप बाहेरून नुसते बटाट्याचे दिसतात, आत बहुधा बीफचा खिमा असतो. क्रोकेटचंही तेच. फेजोआदा म्हणजे राजमाच दिसतो, पण त्यात चोरिस असतात. एखादी शाकाहारी काकू निर्धास्तपणे वाढून घेते आणि मग सगळ्यांचंच जेवण बिघडतं. म्हणून चॉप कोंबडीच्या खिम्याचे करा, किंवा प्रत्येक बशीपुढे ठळक अक्षरांत चिठ्ठी ठेवा. चोरिस तळलेलं तेल दुसऱ्या कशाला वापरू नका. शाकाहाऱ्यांसाठी अळसांद्यांची तोणाक (चवळीसारख्या कडधान्याचा खोबऱ्याचा रस्सा) भरपूर करा. ती पोईबरोबर (गोव्याच्या पावाबरोबर) सगळेच खातात, म्हणून आधी त्यांना वाढा. बेबिंक या थरांच्या गोड पदार्थात अंड्याचे बलक असतात, हेही ज्यांना कळायला हवं त्यांना सांगा.

वाढताना

डुक्कर आणि बीफ टेबलाच्या एका टोकाला, कोंबडी मध्ये, तोणाक दुसऱ्या टोकाला. प्रत्येकाचा डाव वेगळा, आणि शक्य तर वेगळ्या घाटाचा, म्हणजे अदलाबदल लगेच दिसते. सान्नां (तांदळाच्या, इडलीसारख्या) मधोमध ठेवा. सोरपोतेलला त्या लागतातच आणि शागुतीचा रस्साही त्या छान शोषतात.

जेवण झालं की उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ दे. रोस्टचे काप दुसऱ्या दिवशी पावात घालून संपवा, कोंबडी तीन दिवसांत. पाहुण्यांना डबे भरून देताना प्रत्येकाचं झाकण वेगळ्या रंगाचं घ्या आणि वर नाव लिहा: मावशींच्या डब्यात शागुती, शेजारच्या आंतीच्या डब्यात सोरपोतेल.