‘द्या इकडे, मी करून देतो’ : ज्येष्ठांच्या मोबाईल-संगणक वर्गात या चुका टाळा

ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये मोबाईलचा वर्ग सुरू होतो तेव्हा खुर्च्या कमी पडतात. दोन महिन्यांनी त्याच खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या असतात, आणि ‘या वयात डोक्यात शिरत नाही हो’ असं शिकणारेही म्हणतात, शिकवणारेही. आम्हाला हे पटत नाही. अडतं ते बहुतेक वेळा फोनच्या सेटिंगपाशी, नाहीतर शिकवणाऱ्याच्या उतावळ्या हातापाशी. ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्र, सोसायटीचा क्लब, कुठेही जा, त्याच त्या चुका दिसतात.

फोन हिसकावणं

सगळ्यांत मोठी चूक हीच, आणि ती प्रेमापोटी होते. स्वयंसेवक फोन हातात घेतो, अंगठा चार वेळा सरसर फिरतो, ‘झालं बघा काकू’. काकूंना दिसला तो फक्त अंगठा. घरी नातवंडं हेच करतात, म्हणून तर त्या वर्गाला आल्या.

फोन ज्याचा त्याच्याच हातात राहू द्या. जागा दाखवायची तर टोपण लावलेलं पेन घ्या आणि काचेला न टेकवता दाखवा. समोर उभं न राहता शेजारी बसा. समोरून तुम्हाला पडदा उलटा दिसतो आणि डावं-उजवं सांगताना हमखास गफलत होते. ‘सेटिंगमध्ये जा’, ‘बॅक या’, ‘स्वाइप करा’ हे शब्द पहिले काही आठवडे विसरा. डोळ्यांना दिसेल तेच सांगा: ‘वर उजव्या कोपऱ्यात एकाखाली एक तीन ठिपके आहेत, सापडले? त्यांवर बोट टेकवा आणि लगेच उचला.’ एवढं सांगून गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. चष्म्यातून शोधायला, वाचायला आणि खात्री करायला तेवढा वेळ लागतोच. तिसऱ्या सेकंदाला दुसरी सूचना आली की पहिलीही हातची जाते.

तीन शिकणाऱ्यांमागे एक मदतनीस असावा. एकाकडे सहा-सात जण आले की फोन हिसकावणं आपोआप सुरू होतं. वर्ग सव्वा तासाचा, मध्ये चहा, आणि एका दिवशी एकच काम. फोटो पाठवायला शिकवायचं तर फोटोच. त्यात स्टेटस, ग्रुप, स्टिकर घुसवू नका. पुढच्या वर्गाची पहिली वीस मिनिटं मागचंच काम, पण मदतीशिवाय.

फोन आधी त्यांच्या मापाचा करा

पहिला अख्खा वर्ग फोन जुळवण्यात गेला तरी चालेल, तो वेळ पुढे वसूल होतो. बहुतेक फोनचा पडदा तीस सेकंदांत विझतो. चष्मा सापडेपर्यंत पडदा काळा, मग कुलूप, मग ‘माझंच काहीतरी चुकलं’. स्क्रीन टाइमआउट पाच मिनिटांवर न्या. खालून वर, कडेकडून आत असं बोट ओढून चालणारं नेव्हिगेशन बंद करून खाली तीन बटणं आणा. सेटिंग्जमधल्या शोधाच्या चौकटीत ‘नेव्हिगेशन’ टाकलं की पर्याय सापडतो. अक्षर एक-दोन पायऱ्यांनीच मोठं करा. सगळ्यांत मोठं ठेवलं की काही अ‍ॅपमध्ये ‘पुढे’ किंवा ‘ओके’चं बटणच पडद्याखाली जातं आणि माणूस तिथेच अडकून बसतो.

फोनची भाषा मराठी करून टाकावी असं आपल्याला वाटतं, पण घाई नको. मुलगी फोनवरून ‘सेटिंग्ज उघडा, मग डिस्प्ले’ असं सांगणार असेल आणि बाबांच्या पडद्यावर वेगळेच शब्द असतील, तर दोघांचीही चिडचिड होते. मदत करणाऱ्याच्या आणि शिकणाऱ्याच्या फोनची भाषा एक असावी, मग ती कोणतीही असो.

‘बोट लावलं तरी काही होत नाही’ ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते. कारणं या क्रमाने तपासा. आधी फोन धरलेला हात बघा. डाव्या हाताचा अंगठा पडद्याच्या कडेवर टेकलेला असला तर फोन त्यालाच स्पर्श समजतो आणि उजव्या बोटाला दाद देत नाही. फोन टेबलावर ठेवून करून बघायला सांगा. मग बोट बघा. पडदा दाबाने चालत नाही; त्वचेतून जो सूक्ष्म विद्युत परिणाम होतो तो त्याला कळतो. वयानुसार बोटांची टोकं कोरडी पडतात, त्यात पडद्यावर चिकटवलेली जाड, चरे पडलेली संरक्षक काच, आणि अनेकजण नखानेच टोकतात. बोट किंचित ओलसर करून, टोकाऐवजी पेराचा मऊ भाग टेकवायला सांगा. ती जुनी संरक्षक काच काढून पाहा.

यानंतरही घोटाळा होत असेल तर प्रश्न उलटा असतो: बोट जास्त वेळ टेकलेलं राहतं. फोनच्या हिशेबात अर्ध्या सेकंदाच्या आसपास बोट राहिलं की ते ‘दाबून धरणं’ झालं, मग अ‍ॅपच्या चित्रावर भलताच मेनू उघडतो आणि व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज उघडण्याऐवजी निवडला जातो. यावर उपाय सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या विभागात आहे: ‘टच अँड होल्ड डिले’ शॉर्टवरून लाँग करा. सॅमसंगच्या फोनमध्ये तिथेच ‘इग्नोर रिपीटेड टचेस’ही असतं. हात थरथरत असेल तर एका स्पर्शाचे दोन होतात, ते त्याने थांबतात. हे दोन बदल केल्यावर कित्येकांचं ‘मला जमत नाही’ त्याच दिवशी थांबतं.

खातं कोणाच्या नावाचं आहे?

हे पहिल्याच दिवशी विचारा. फोन मुलाने घेऊन दिलेला असतो आणि घाईत त्यानेच स्वतःचं गुगल खातं टाकलेलं असतं. वर्ष-दोन वर्षं काही कळत नाही. आईचे फोटो मुलाच्या साठ्यात जातात, त्याच्या ऑफिसमधल्या लोकांचे नंबर आईच्या यादीत येतात, आणि मुलाने पासवर्ड बदलला की इकडे सगळं ठप्प.

दुरुस्ती करताना क्रम चुकवू नका. आधी आईच्या नावाचं नवं खातं जोडा, रिकव्हरीसाठी तिचाच नंबर द्या. मग कॉन्टॅक्ट्स अ‍ॅपमधून तिचे नंबर जुन्या खात्यातून नव्या खात्यात हलवा. फोटोंची प्रत झाली याची खात्री करा. जुनं खातं काढायचं ते सगळ्यात शेवटी. आधीच काढलं तर त्यात साठवलेले सगळे नंबर फोनवरून गायब होतात आणि त्याचा दोष वर्गाला लागतो.

व्हॉट्सअ‍ॅपचा सहा अंकी पिन हाही असाच सापळा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे या पिनचं जादा कुलूप, नातू चालू करून देतो, आणि अ‍ॅप तो पिन अधूनमधून विचारतं तेव्हा आजी ओटीपीची वाट बघत बसते. ओटीपी येणारच नसतो, कारण पिन हा आपण ठरवलेला आकडा. चालू करताना ईमेल पत्ता जोडलेला असेल तर पिन बदलून घेता येतो. नसेल आणि पिन आठवत नसेल तर सात दिवस थांबावं लागतं.

पासवर्ड वहीत लिहू नयेत हा सल्ला तरुणांसाठी ठीक आहे. सत्तरीच्या माणसाने घरच्या कपाटात वही ठेवलेली बरी: एका पानावर एकच खातं, नोंदीची तारीख आणि कोणता नंबर जोडला आहे ते. फक्त यूपीआय पिन आणि एटीएमचा पिन त्यात नको, आणि ती वही वर्गात आणायची नाही.

संगणकासमोर

दोन नंबरांचा चष्मा लावणाऱ्यांना पडदा नीट दिसावा म्हणून मान मागे टाकावी लागते, कारण जवळचं बघायचा भाग भिंगाच्या खालच्या बाजूला असतो. अर्ध्या तासात मान दुखते आणि ‘संगणक झेपत नाही’ असं ठरतं. मॉनिटर खाली घ्या, वरची कडा डोळ्यांच्या बरीच खाली येईल इतका, आणि किंचित मागे कलता ठेवा.

डबल क्लिकचा हट्ट सोडा. दोन क्लिकमध्ये अंतर पडलं की विंडोज त्याचा अर्थ ‘नाव बदलायचंय’ असा लावतं आणि फाइलच्या नावाची चौकट निळी होते. घाबरून एखादी कळ दाबली की नाव पुसलं जातं. तिथे एस्केप दाबायला शिकवा. उघडण्यासाठी एक क्लिक आणि एंटर पुरतो.

कळफलकाने अचानक काम बंद केलं तर तो बिघडला असं लगेच समजू नका. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की फिल्टर कीज चालू करायची का, असं विंडोज विचारतं. हाताला टेकू म्हणून कळीवर बोट विसावणाऱ्यांच्या बाबतीत हे नेहमी होतं, आणि समोर चौकट आली की लोक ‘येस’ म्हणतात. मग पटकन मारलेल्या कळा उमटतच नाहीत. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली तर स्टिकी कीजचं (शिफ्ट, कंट्रोल यांसारखी कळ सोडली तरी दाबलेली धरणारी सोय) तसंच. सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत, कीबोर्डखाली, दोन्ही बंद करा आणि त्यांचे शॉर्टकटही.

मराठी टायपिंगचा एक घोळ खास आपल्याकडचा. सरकारी कार्यालयांत आयुष्य काढलेल्या अनेकांचा हात मराठी टंकलेखन यंत्रावर बसलेला असतो. तिथे ‘कि’ लिहायला आधी वेलांटी मारायची, मग ‘क’. विंडोजसोबत येणारा मराठी कळफलक इन्स्क्रिप्ट नावाच्या मांडणीचा, त्यात आधी ‘क’, मग वेलांटी. जुन्या सवयीने वेलांटी आधी मारली की पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ येतं आणि वेलांटी त्याला लटकते. यंत्र बिघडलेलं नाही, क्रम उलटा आहे, एवढं सांगितलं की जुना टंकलेखक तासाभरात हात वळवतो. ‘दुसऱ्या’मधल्या ऱ्यासाठी ‘र’ नाही तर शिफ्ट दाबून येणारा ‘ऱ’, मग पाय मोडायची कळ, मग ‘य’. ज्यांना टायपिंगच नको त्यांना फोनवर जीबोर्ड या गुगलच्या कळफलकात बोटाने लिहायची सोय दाखवा. बोलून लिहिताना मराठीऐवजी हिंदी उमटत असेल तर व्हॉइस टायपिंगची भाषा तपासा.

पैसे

फसवणुकीवर तासभर भाषण ठेवू नका. लोक घाबरतात आणि फोनच बंद ठेवतात. त्याऐवजी एक रुपया फिरवा. प्रत्येकाने शेजाऱ्याचा क्यूआर स्कॅन करून एक रुपया पाठवायचा, मग शेजाऱ्याने तो परत करायचा. दोन्ही वेळा पिन कोणी टाकला ते मोठ्याने विचारा. पाठवणाऱ्याने टाकला, घेणाऱ्याने काहीच केलं नाही. ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ म्हणणारा चोर असतो, हे असं हाताला कळलं की भाषण लागत नाही.

यूपीआय सुरू होत नसेल तर बँकेत दिलेला नंबर याच फोनमधल्या सिमचा आहे का, दोन सिम असतील तर अ‍ॅपने बरोबर सिम निवडलं का, आणि त्या सिमवरून एसएमएस जातो का, हे पाहा. केवळ इनकमिंगपुरतं चालू ठेवलेल्या सिमवरून तो जात नाही आणि पडताळणी अडते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन यांच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नव्हे, अ‍ॅप आहे, उघडायचं नाही. व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करणारा पोलीस खरा नसतो, कायद्यात अशी अटकच नाही. पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन. हा आकडा फोनच्या मागे चिकटवून द्या.

नोव्हेंबरचा हयातीचा दाखला

चेहरा दाखवून घरबसल्या जीवन प्रमाण, म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला, देण्याची सोय २०२१ पासून आहे, आणि ऑक्टोबर उजाडला की वर्गात याच एका कामाची गर्दी होते. केंद्र सरकारच्या पेन्शनरांपैकी ८० वर्षांवरचे १ ऑक्टोबरपासून दाखला देऊ शकतात, बाकीचे १ नोव्हेंबरपासून. ईपीएस-९५ वाल्यांनी (भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून पेन्शन घेणाऱ्यांनी) नोव्हेंबरच्या रांगेत उभं राहायचं कारण नाही. त्यांचा दाखला दिल्या दिवसापासून १२ महिने चालतो.

दोन अ‍ॅप लागतात: आधारफेसआरडी आणि जीवन प्रमाणचं. पहिलं उतरवल्यावर त्याचं चित्र पडद्यावर येत नाही, म्हणून लोक ते पुन्हा पुन्हा उतरवत बसतात. ते मागून काम करतं. प्ले स्टोअरवर ‘अनइन्स्टॉल’ दिसलं म्हणजे ते आत आहे. दुसरा गोंधळ ‘ऑपरेटर’ या शब्दाचा. अ‍ॅप आधी ऑपरेटरचा चेहरा मागतं, मग पेन्शनरचा. घरी एकटं करत असाल तर दोन्ही तुम्हीच, चेहरा दोनदा दाखवायचा.

चेहरा घेत नसेल तर खिडकीकडे पाठ करून बसलात का ते बघा. उजेड तोंडावर हवा, मागे साधी भिंत, चष्मा काढलेला. पापण्या मिटायला सांगितल्यावर ठळक, सावकाश मिटायच्या. अनेकजण त्याच क्षणी वाचण्यासाठी पुढे झुकतात आणि चेहरा चौकटीबाहेर जातो, म्हणून शेजाऱ्याने सूचना वाचून दाखवावी.

प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, मेसेज आला की लोक निर्धास्त होतात. तो फक्त दाखला तयार झाल्याचा. बँक किंवा कोषागाराने तो स्वीकारला का, हे काही दिवसांनी जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर तपासा. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, खाते क्रमांक किंवा पेन्शन देणारं कार्यालय चुकीचं निवडलं असेल तर तो नाकारला जातो. नाकारलेला दाखला दुरुस्त होत नाही, नवा काढावा लागतो. म्हणून पीपीओची प्रत आणि पासबुक समोर ठेवूनच पहिला आकडा टाका.