स्पोर्टी गाडीला आरामदायी टायर कसे निवडावेत

पुण्याहून वाईला जाताना बाबा मागच्या सीटवर पाठीशी उशी घेऊन बसतात. मणक्याचं दुखणं जुनं आहे. मी वापरलेली फोक्सवॅगन व्हर्टस जीटी ही स्पोर्टी सेडान घेतली आणि पहिल्याच फेरीत, खेड शिवापूरचा टोलनाका यायच्या आत, ते म्हणाले, "अरे, हळू घे ना जरा." मी चाळीसवर होतो. रस्त्यातल्या रंबलरची एकेक पट्टी थेट सीटमधून वर येत होती.

ही गाडी चाकणला बनते आणि कारखान्यातून १६ इंची चाकांवर बाहेर पडते. आधीच्या मालकाने रूप खुलावं म्हणून १८ इंची मॅगव्हील (अलॉय चाकं) टाकली होती, त्यावर २२५/४० मापाचे टायर. मी शॉकअब्सॉर्बर तपासून घेतले, सस्पेन्शनचे रबरी बुश बघून घेतले. सगळं ठीक निघालं. दणका टायरातूनच येत होता.

स्पोर्टी गाडी घेतली म्हणजे दणके खाणं आलंच, असं बरेच जण मानून चालतात. तसं नाही. इंजिन, स्टिअरिंग, वळणावरची पकड यांची मजा बऱ्याच अंशी तशीच ठेवून गाडी मऊ करता येते. मात्र कामं योग्य क्रमाने करावी लागतात. बहुतेक जण ब्रँडपासून सुरुवात करतात, आणि ब्रँडचा विचार खरं तर जवळजवळ शेवटी यायला हवा.

१. आधी हवा तपासा

पेट्रोल पंपावर "किती ठेवू?" असं विचारलं जातं आणि आपण सवयीने "पस्तीस" म्हणतो. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. अनेक गाड्यांत दोन आकडे असतात: एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरा भरलेल्या गाडीसाठी. रोज एकटे ऑफिसला जात असाल आणि हवा भरलेल्या गाडीची असेल, तर टायर गरजेपेक्षा कडक राहतो. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाबाचा आकडा ही मर्यादा असते. तेवढी हवा भरायची नसते.

हवा नेहमी टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी काढायच्या आधी मोजायची. टायर तापला की दाब आपोआप वाढतो. हवेतलं तापमान दहा अंश सेल्सिअसने बदललं की दाब साधारण दीड ते दोन पीएसआयने (पंपावर आपण सांगतो तोच आकडा) बदलतो. पंपावरच्या मीटरवर विसंबू नका, काही शे रुपयांत स्वतःचा गेज मिळतो. आणि आराम हवा म्हणून कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली कधीही जाऊ नका. कमी हवेचा टायर वेगात तापतो, आणि खड्ड्यात रिमवर चेपला जातो.

याच वेळी टायरचं वयही बघा. बाजूवर चार आकडी शिक्का असतो. '२३२५' म्हणजे २०२५ सालातला तेविसावा आठवडा. जुना टायर वरून भरगच्च दिसला तरी त्याचं रबर कडक झालेलं असतं. माझ्या टायरच्या खाचेत नख दाबून पाहिलं तर व्रणसुद्धा उमटला नाही. असा टायर आवाजही करतो आणि पावसात घसरतोही. हवा बरोबर आहे, टायर तीन-चार वर्षांच्या आतला आहे आणि तरीही गाडी आपटते, अशी स्थिती असेल तर पुढे वाचा.

२. टायरवरचे आकडे वाचायला शिका

समजा टायरवर २०५/५५ आर१६ ९१ व्ही लिहिलंय. २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ५५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ९१ हा भाराचा निर्देशांक, एका टायरला ६१५ किलो. व्ही ही वेगाची खूण, ताशी २४० किलोमीटरपर्यंत.

आरामासाठी यातला मधला आकडा सगळ्यात मोलाचा. २०५ चे ५५ टक्के म्हणजे जवळपास ११३ मिलिमीटर. माझ्या गाडीवर आलेल्या २२५/४० आर१८ चे ४० टक्के काढले तर ९० मिलिमीटर. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये २३ मिलिमीटर कमी उशी. हाताच्या दोन बोटांची जाडी धरा, तेवढं अंतर.

३. माप ठरवा (इथे घाई करू नका)

गतिरोधकावरून गाडी सावकाश वर-खाली होते तेव्हा काम स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर करतात. पण रंबलर, कॅट-आय (रस्त्यात बसवलेले चमकते ठोकळे), उड्डाणपुलाचे सांधे, डांबराची तुटलेली कड हे दणके इतके झटपट येतात की स्पोर्टी गाडीचा मुळातच कडक असलेला शॉकअब्सॉर्बर त्यांना दाद देत नाही. तिथे झेलायचं काम टायरमधली हवा आणि टायरची बाजू यांचं. बाजू बुटकी झाली की आत हवाही कमी आणि लवायला जागाही कमी. त्यात मोठं मॅगव्हील बहुतेक वेळा जड असतं. जड चाक खड्ड्यातून उसळलं की ते आवरायला सस्पेन्शनला जास्त कष्ट पडतात.

म्हणून माझं स्पष्ट मत: महागातला मऊ टायर शोधण्याआधी रिम एक इंच लहान करता येतो का ते बघा. १८ वरून १७ वर, १७ वरून १६ वर. त्याने जितका फरक पडतो तितका टायरचा ब्रँड बदलून पडत नाही.

नियम एकच: चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहिला पाहिजे. हिशेब सोपा आहे. रिमचा इंच गुणिले २५.४, अधिक बाजूच्या उंचीची दुप्पट. २२५/४० आर१८ चा व्यास ६३७ मिलिमीटर येतो, २२५/४५ आर१७ चा ६३४, आणि २०५/५५ आर१६ चा ६३२. तिन्ही एकाच कुटुंबातले. व्यास दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त बदलला तर स्पीडोमीटर चुकतो, टायर मडगार्डच्या आत घासू शकतो. १६ च्याच रिमवर २०५/६० टाकून आणखी मऊ करू, हा मोह मलाही झाला होता. पण तो व्यास ६५२ वर जातो, मूळ मापापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त. सोडून दिला.

रिम लहान करताना आणखी तीन गोष्टी विचारा. एक, रिमच्या आत ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला चिमटा घेणारा भाग) मावतो का? जोरदार गाड्यांना पुढे मोठे ब्रेक असतात आणि काही गाड्यांवर लहान रिम बसतच नाही. दोन, नटांची जुळणी, ज्याला दुकानात पीसीडी म्हणतात. व्हर्टसची ५ बाय १०० आहे, म्हणजे १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच नट. तीन, ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं. सगळ्यात निर्धास्त वाट म्हणजे कंपनीने त्याच गाडीच्या एखाद्या प्रकाराला दिलेलं माप घेणं. मग विम्याच्या दाव्यातही कुणी बोट ठेवत नाही. मी कंपनीची मूळ १६ इंची मॅगव्हील वापरलेली मिळवली. १८ इंचीवाली विकून त्यातला बराचसा खर्च निघाला.

भाराचा आणि वेगाचा निर्देशांक मात्र कंपनीने दिलाय त्याच्या खाली आणायचा नाही. वर न्यायचीही गरज नसते. वेगाची खूण जितकी वरची, तितकी टायरची बांधणी साधारणपणे कडक होत जाते. 'एक्सएल' लिहिलेला टायरही जास्त भारासाठी मजबूत केलेला असतो. गाडीला तो लागत नसेल तर आरामासाठी साधाच बरा.

४. प्रकार आधी, ब्रँड नंतर

प्रत्येक मोठी कंपनी साधारण दोन घराणी चालवते. एक स्पोर्टचं, दुसरं टूरिंगचं, म्हणजे आरामशीर प्रवासाचं. मिशेलिनमध्ये पायलट स्पोर्ट आणि प्रायमसी, ब्रिजस्टोनमध्ये पोटेंझा आणि टुरांझा, कॉन्टिनेंटलमध्ये स्पोर्टकॉन्टॅक्ट आणि कम्फर्टकॉन्टॅक्ट. योकोहामाच्या अ‍ॅडव्हान डीबीच्या तर नावातच डेसिबल आहे. स्पोर्ट टायरची बाजू ताठ असते आणि रस्त्याला टेकणारे रबराचे ठोकळे मोठे, घट्ट असतात. स्टिअरिंग वळवताच गाडी वळते ती त्यामुळेच. टूरिंग टायरची बाजू लवते आणि नक्षीतले ठोकळे मुद्दाम वेगवेगळ्या लांबीचे ठेवलेले असतात, म्हणजे सगळे एकाच सुरात घोंघावत नाहीत.

टूरिंगकडे गेलात तर काहीतरी हातचं जाणार, हे आधीच मान्य करा. पसरणीच्या घाटात सलग वळणं घेताना माझ्या लक्षात आलं की गाडी वळणाला लागायला किंचित वेळ घेते, स्टिअरिंगमधली ती पहिली धार थोडी बोथट झाली आहे. मला हा सौदा पटला. तुम्ही दर रविवारी पहाटे घाट मारणारे असाल तर कदाचित पटणार नाही. मग रिम लहान करा, पण टायर स्पोर्टच्याच घराण्यातला घ्या. उंच बाजूचा स्पोर्ट टायर ही फार चांगली मधली वाट आहे, आणि ती फारशी कुणी सुचवत नाही.

ओल्या रस्त्यावरच्या पकडीशी मात्र तडजोड नको. कोकणात उतरणाऱ्याला, महाबळेश्वरच्या पावसात गाडी चालवणाऱ्याला मऊपणापेक्षा ती आधी हवी. मधोमध चार रुंद, खोल खाचा असलेला टायर पाणी चांगलं बाहेर फेकतो. खूप टिकतो म्हणून खपणारा टायर कडक रबराचा असू शकतो. ऐंशी हजार किलोमीटरचं आश्वासन ऐकून भुलण्याआधी पावसातल्या ब्रेकबद्दल विचारा.

आवाजाचं थोडं वेगळं आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर जवळजवळ प्रत्येक टायर ओरडतो, त्यामुळे फक्त तिथे चालवून टायर नापास करू नका. युरोपच्या लेबलवरचे डेसिबल गाडीच्या बाहेर मोजलेले असतात. ते तुमच्या कानापर्यंत पोचणाऱ्या आवाजाचं माप नव्हे. काही महागड्या टायरांच्या आत फोमची पट्टी चिकटवलेली असते. ती आतल्या हवेची घुमघुम कमी करते. दणका तिने कमी होत नाही, आणि असा टायर पंक्चर झाला की साधा पंक्चरवाला हात लावायला कचरतो.

५. रनफ्लॅट असतील तर

बीएमडब्ल्यू, मिनीसारख्या गाड्यांवर अनेकदा कारखान्यातूनच रनफ्लॅट येतात. हवा गेली तरी गाडी काही अंतर चालत राहावी म्हणून त्यांची बाजू जाडजूड केलेली असते, आणि तीच जाडी रोजच्या खड्ड्यांत पाठीला लागते. त्याच मापाचे साधे टायर टाकले की फरक पहिल्या किलोमीटरलाच कळतो. मात्र बदलायचे तर चारही एकदम. अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, म्हणून पंक्चर किट आणि बारा व्होल्टचा पंप डिकीत ठेवल्याशिवाय हा बदल करू नका.

६. दुकानात

टायर गोदामातून आणून समोर ठेवू द्या आणि चारही टायरांचा शिक्का स्वतः वाचा. एका दुकानात मला सव्वादोन वर्षांपूर्वीचा टायर "एकदम नवा माल" म्हणून दाखवला होता. बोट ठेवून तारीख दाखवली तेव्हा दुसरे निघाले. सहा महिन्यांच्या आतला आग्रहाने मागा. आयएसआयची खूण बघा, ती आपल्याकडे बंधनकारक आहे. बिलावर माप, निर्देशांक आणि टायरचा क्रमांक लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो.

चारही बदलणं शक्य नसेल तर निदान एका अ‍ॅक्सलची जोडी एकाच जातीची घ्या, आणि नवी जोडी मागे बसवा. पावसात मागची पकड सुटली तर गाडी सावरणं कठीण असतं.

७. बसवल्यावर

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्याच दिवशी करून घ्या. ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरलं तर दोष टायरला देण्याआधी बॅलन्सिंग परत तपासा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवा. नव्या टायरवर साच्यातला निसरडा थर असतो, तो झिजेपर्यंत खरी पकड येत नाही. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा बघून घ्या.

मोठ्या खड्ड्यात आपटलात तर घरी आल्यावर प्रत्येक टायरच्या दोन्ही बाजूंवरून तळहात फिरवा. फुगा लागला तर आतले धागे तुटलेत. तो दुरुस्त होत नाही, टायर काढूनच टाकायचा. आठ-दहा हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल करा, नाहीतर ते असमान झिजतात आणि शांत टायरही घोंघावायला लागतो.

नव्या चाकांवर वाईला निघालो तेव्हा मी मुद्दाम काही बोललो नाही. तोच रंबलर, तेच चाळीस. सुरूर फाट्याला आत वळलो तेव्हा आरशात पाहिलं. उशी बाजूला सरकली होती आणि बाबांना झोप लागली होती.