कुंडलिकेवर जाताय? आधी पाणी कधी सुटतं ते विचारा

रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला राफ्टिंगला जायचं म्हणून लोक आरामात नाश्ताबिश्ता करून अकराला पोचतात आणि मग हात हलवत परत. कारण पावसाळा सोडला तर कुंडलिका नदीला जे जोराचं पाणी असतं ते भिरा गावातल्या वीजघरातून वीज बनवून बाहेर पडलेलं असतं, आणि ते साधारण सकाळी सुटतं. त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून वेळ कन्फर्म करा, शक्यतो रात्रीच मुक्कामाला या.

गंमत म्हणजे हे पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच, घाटावरच्या मुळशी धरणातलं, म्हणजे मुळा नदीचं. एरवी ते भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं, आता सह्याद्री उतरून रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला होता, भिऱ्याची वीज सुरू झाली १९२७ ला.

आता मुद्द्याचं, भिऱ्याच्या खाली नदीपात्र कोरडं दिसलं तरी मधल्या खडकांवर चटई टाकून जेवायला बसू नका, वर ऊन कडकडीत असलं तरी वीजघरातून पाणी सुटलं की ते चढतं आणि मग काठ गाठायला वेळ मिळत नाही. पोरं सोबत असतील तर अजिबातच नको. कुठे उतरायचं ते गावातल्या माणसाला विचारा, गूगल मॅपला नाही. आणि देवकुंड धबधब्याला जोडून जायचा प्लॅन असेल तर पावसाळ्यात बऱ्याचदा बंदी असते, तेवढं बघून निघा.