नॉमिनी लावला म्हणजे झालं? मृत्युपत्र करताना या चुका टाळा

‘नॉमिनी लावलाय, आता काळजी नाही’ असं म्हणणारे अशील आले की मी आधी चहा सांगते, कारण पुढचा अर्धा तास त्यातच जाणार असतो. लग्न न करता एकत्र राहणारा जोडीदार, जन्मभराची मैत्रीण, मानलेली लेक यांतलं कुणीही कायद्याच्या वारसांच्या यादीत नाही. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे 1984 मध्येच सांगितलं, शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबाबत 2023 मध्ये. नॉमिनीने पैसे ताब्यात घ्यायचे ते वारसांसाठी. अपवाद विम्याचा: तिथे 2015 पासून नवरा-बायको, आई-वडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच.

कोथरूडच्या दोन निवृत्त शिक्षिका. फ्लॅट एकीच्या नावावर, हप्ते दोघींनी फेडलेले, सोसायटीच्या नॉमिनी फॉर्मवर दुसरीचं नाव. पहिली गेली. तेराव्यालाही न फिरकलेला पुतण्या काही महिन्यांत वारस दाखल्याची झेरॉक्स घेऊन दारात. आई-वडील आणि एकुलता भाऊ आधीच गेलेले, म्हणजे वारस तोच. सोसायटीने मैत्रिणीला तात्पुरतं सभासद करून घेतलं. म्हणजे मेंटेनन्स भरा, मालकी विसरा. कपाटात डायरी सापडली. त्यात सुवाच्य अक्षरात ‘माझ्यामागे घर हिचंच’, खाली सही, तारीख. साक्षीदार एकही नाही, त्यामुळे त्या पानाला मृत्युपत्र म्हणून काडीची किंमत नाही. शेवटी पुतण्या देईल ती रक्कम घेऊन बाई भाड्याच्या खोलीत गेल्या. साधा कागद आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढंच हवं होतं. स्टॅम्प पेपरसुद्धा लागत नाही.

नोंदणी सक्तीची नाही, तरी घराबाहेरच्या माणसाला काही द्यायचं असेल तर मी दुय्यम निबंधकांकडे नेतेच. मुद्रांक शुल्क नाही, मग कंटाळा कशाचा? ‘मॅडम, आजच्या आज उरकू’ म्हणणाऱ्यांना मी पुढच्या आठवड्याची तारीख देते.

साक्षीदारांचा घोळ तर रोजचाच. पंच्याहत्तरीचे आजोबा आपल्याच वयाचे दोन मित्र घेऊन येतात. वाद झाला तर हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला कोर्टात उभं राहावं लागतं, हे कुणाच्या गावी नसतं. मी चाळिशीतले साक्षीदार मागते, त्यातला एक शक्यतो फॅमिली डॉक्टर, आणि त्याच दिवशीचा मानसिक स्वास्थ्याचा दाखला. ज्याला मिळकत मिळणार तो साक्षीदार नको. सही करताना तो खोलीतही नको.

इंटरनेटवरचा नमुना उतरवून आणतात, त्यात ‘माझी पत्नी व मुले’ तसंच राहिलेलं! लग्न झालेलं नसताना जोडीदाराला ‘पत्नी’ लिहू नका, समोरचा वकील तिथेच पकडतो. पूर्ण नाव, पत्ता, ‘अमुक सालापासून माझ्यासोबत राहणारी’ असं लिहा. सख्ख्यांना का देत नाही, हेही एका वाक्यात, शिव्या न घालता.

बक्षीसपत्राचा, म्हणजे हयातीतच मिळकत भेट लिहून देण्याचा शॉर्टकट घराबाहेरच्यांसाठी महागात पडतो. महाराष्ट्रात राहत्या घरासाठी 200 रुपयांचं मुद्रांक शुल्क नवरा-बायको, मुलं-नातवंडांसारख्यांना, परक्याला खरेदीखताइतकं. शिवाय नात्याबाहेरून 50,000 रुपयांच्या वर मिळालेल्या भेटीवर घेणाऱ्याला आयकर. मृत्युपत्राने मिळालं तर तो लागत नाही. आणि हयातीतच घर दुसऱ्याच्या नावावर करून बसायची हौस कशाला?

वडिलोपार्जित मिळकतीत फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापुरतंच. गोव्यात सक्तीचे, म्हणजे पूर्ण डावलता न येणारे वारस असतील तर निम्म्यालाच हात लावता येतो. पीएफला लग्नाआधी मित्राचं नाव लावलं असेल तर लग्नानंतर ते रद्द होतं, नवा फॉर्म भरा.

मूळ प्रत फक्त स्वतःच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तुमच्यामागे तो उघडायलाच जोडीदाराला बँकेच्या खेपा घालाव्या लागतील. मी ती एक्झिक्युटरकडे, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला तुम्ही नेमलेल्या माणसाकडे द्यायला लावते आणि झेरॉक्स जोडीदाराकडे.