बोगनवेल बोन्साय: नुसता पाला, फूल नाही – माझा अनुभव

लक्षण असं: पानं हिरवीगार, फुटवे हात-हात लांब, प्रत्येक बेचक्यात काटा आणि रंगाचा पत्ता नाही. युरिया दिला, रोज पाणी दिलं, कुंडी मोठी केली. पाला तेवढा वाढला. दोन हंगाम वाया गेले, फार जिवाला लागलं.

चूक आपल्या काळ्या मातीत होती. ती पाणी धरून ठेवते, मुळं सतत ओली राहतात आणि झाड फक्त वाढत राहतं. बोगनवेलीत काटा आणि कळी एकाच जागी येतात; युरियातलं नत्र आणि पाणी जास्त झालं की काटाच होतो.

फेब्रुवारीअखेर झाड काढलं. मुळं ठिसूळ असतात, ओढू नका; कात्रीने एक तृतीयांशच कापा. नवं मिश्रण: चाळलेला मुरूम 2 भाग, विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे 1 भाग, जुनं शेणखत 1 भाग. पंधरा दिवस सावली, मग गच्चीवर दिवसभर ऊन.

फुटवा वीतभर झाला की 2-3 डोळे (कोंब फुटतो त्या जागा) ठेवून छाटायचा. नवे डोळे फुगले की पाणी तोडायचं. शेंडे मलूल होऊन माना टाकतील, पण पानं अजून मऊ असतील, तेव्हाच भोकातून वाहीपर्यंत पाणी. असं 3-4 वेळा. पान कुरकुरीत झालं तर उशीर झाला. मे महिन्यात उथळ ट्रेला ही वेळ एका दुपारीच येते, म्हणून सकाळ-संध्याकाळ बघा.

पाचव्या आठवड्यात बेचक्यात काट्याऐवजी तांबूस टोक दिसलं. तेव्हापासून पाणी नेहमीसारखं. बहर ओसरला की पुन्हा 2-3 डोळ्यांवर छाटणी. युरिया बंदच.